कापूरहोळची धाराऊ आणि वढूचं ‘माहेर’

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघालं की आधी खेड शिवापूर लागतं. कमरअली दरवेशांच्या दर्ग्यामुळे ते नाव बहुतेक मुसलमान घरांत ठाऊक असतं. अकरा जणांनी बोटं लावून दगड उचलल्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तिथून पुढे नसरापूरचा फाटा मागे पडला की कापूरहोळ येतं. उजव्या हाताला भोरचा रस्ता, डावीकडे नारायणपूर-सासवड. बहुतेकांसाठी हे चहा प्यायला थांबायचं, एसटी बदलायचं गाव. इतिहासात मात्र त्याचं नाव एका बाईमुळे आहे.

१४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर संभाजीराजांचा जन्म झाला. आई सईबाईंची प्रकृती बरी नव्हती, बाळाला अंगावरचं दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातल्या धाराऊंना दूधआई म्हणून नेमण्यात आलं. सईबाई त्यानंतर फार जगल्या नाहीत. ५ सप्टेंबर १६५९ रोजी वेल्ह्यातल्या राजगडावर त्या वारल्या, तेव्हा संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे होते. राजाचं घर, हाताशी वैद्य, दास-दासी, आणि तरीही बाळंतपणानंतर बाई सावरली नाही. मग भोर-वेल्ह्याच्या डोंगरात, जिथून अडलेल्या बाईला झोळीत घालून खाली आणावं लागे, तिथल्या नाव नसलेल्या बायकांचं काय होत असेल, याचा अंदाज करता येतो.

धाराऊंबद्दल कागदोपत्री फार काही सापडत नाही. स्वतःचं लेकरू पदरात असताना दुसऱ्याचं लेकरू छातीशी धरणारी बाई, एवढी तिची ओळख. पण मुसलमान वाचकाला हे नातं समजावून सांगावं लागत नाही. पैगंबरांना दूध पाजणाऱ्या हलीमा सादिया आपल्याला माहीत आहेत. सूरह निसामध्ये ज्या नात्यांत निकाह होऊ शकत नाही त्यांची यादी आहे, आणि त्यात जन्म देणाऱ्या आईसोबत दूध पाजणारी आई आहे, दूधबहीणही आहे. म्हणजे शरियतने रक्ताशिवाय जुळलेलं एक नातं कायद्याने मानलं. दूध पाजणारी कुठल्या कबिल्याची, कुठल्या घरची, याची अट त्या आयतीत नाही.

संभाजीराजांच्या आयुष्याचं दुसरं टोक आपल्याला जास्त परिचयाचं आहे, आणि जास्त अवघडही. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने त्यांना हालहाल करून मारण्यात आलं. भीमा-भामा-इंद्रायणीच्या काठावरचं तुळापूर आणि जवळचं वढू बुद्रुक ही त्या शेवटाची गावं. वढूला समाधी आहे. वढूचं नाव निघालं की मुसलमान माणूस जरा आवरून बसतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका बादशहाचा हिशेब आता आपल्याला विचारला जाणार, हे त्याला सवयीने कळतं. डिसेंबर २०१७ मध्ये याच गावात गोविंद गोपाळ महार यांच्या समाधीजवळच्या फलकावरून वाद झाला आणि पाठोपाठ १ जानेवारीला भीमा कोरेगावची दंगल झाली. तेव्हा तर वढू म्हणजे भांडणाचं गाव अशीच सगळीकडे ओळख झाली.

मला या लेखात त्याच वढूतल्या दुसऱ्या एका पत्त्याबद्दल लिहायचं आहे. २ फेब्रुवारी १९९७ रोजी तिथे एका घराचं दार उघडलं. मारहाण झालेल्या, हाकलून दिलेल्या, जाळून टाकायची धमकी मिळालेल्या बायकांसाठी. घर उघडणारी होती केरळमधली एक कॅथलिक सिस्टर. नाव तिने मराठी निवडलं, ‘माहेर’. संभाजीराजांच्या गोष्टीच्या एका टोकाला कापूरहोळची दूधआई आहे आणि दुसऱ्या टोकाच्या गावात, तीन शतकांनंतर, परक्यांच्या लेकी सांभाळणारी ही बाई. हा योगायोगच आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण कापूरहोळच्या फाट्यावरून जाताना मला तो आठवतो खरा.

सिस्टर लूसी कुरियन यांचा जन्म कन्नूर जिल्ह्यातल्या कोलयाड गावचा. बाराव्या वर्षी त्या शिकायला मुंबईत आल्या, पुढे होली क्रॉस या धर्मभगिनींच्या संघात दाखल झाल्या. १९८९ पासून पुण्यात ‘होप’ नावाच्या संस्थेत गरीब बायकांमध्ये काम करू लागल्या. १९९१ मध्ये एक दिवस एक गरोदर बाई त्यांच्याकडे आली. नवरा दुसरी बाई घरात आणणार आहे, मला मारून टाकेल, आजची रात्र इथे राहू द्या, असं तिचं म्हणणं. सिस्टर लूसींना कुणाला परस्पर ठेवून घ्यायचा अधिकार नव्हता. वरिष्ठांना विचारावं लागणार होतं. त्यांनी तिला सांगितलं, उद्या ये, काहीतरी करू. त्याच रात्री किंकाळ्या ऐकून त्या धावल्या तेव्हा ती बाई जळत होती. नवऱ्याने पेटवून दिलं होतं. दवाखान्यात नेलं, पण ती वाचली नाही. पोटातलं मूलही गेलं.

ही गोष्ट त्यांनी स्वतः पुढे अनेक ठिकाणी सांगितली आहे. ‘माहेर’चा इतिहास लिहिणारे सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि लगेच १९९७ वर येतात. मला त्यातले ‘उद्या ये’ हे दोन शब्द ओलांडून पुढे जाता येत नाही. भल्या मनाच्या बाईला ते का म्हणावे लागले? निष्ठुरपणा नव्हता तो. सातशे वर्षांचा एक नियम तिच्या मागे उभा होता.

कॅथलिक संन्यासिनीचं आयुष्य तीन व्रतांवर उभं असतं : ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन. पहिल्या दोहोंची चर्चा बाहेरचे लोक फार करतात, खरं वजन तिसऱ्याचं. त्यात आणखी भिंत. १२९८ मध्ये पोप आठवे बोनिफास यांनी फर्मान काढलं की संन्यासिनींनी मठाच्या भिंतीआड राहायचं. बाहेर पडायचं नाही आणि बाहेरच्याला आत घ्यायचं नाही. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने तो नियम पुन्हा कडक केला. कारण काय, तर अब्रू. आपल्याकडच्या चार भिंतींचं समर्थन ज्यांनी ऐकलंय त्यांना हा युक्तिवाद फार ओळखीचा वाटेल. पडदा हा केवळ मुसलमानांचा शोध आहे असं मानणाऱ्यांनी तर युरोपातल्या मठांचा इतिहास जरूर वाचावा.

त्या भिंतीला बायकांनी किती वेळा धडका दिल्या! अँजेला मेरिची यांनी १५३५ मध्ये इटलीत ब्रेशियाला मुली-बायकांचा संघ काढला. बायका आपापल्या घरी राहून काम करत. मेरिची गेल्यावर काही दशकांत त्या संघाच्या शाखांना मठात कोंडून घ्यावं लागलं. इंग्लंडच्या मेरी वॉर्ड यांनी जेझुइटांच्या धर्तीवर मोकळेपणाने फिरणाऱ्या बायकांचा संघ उभारला, तर १६३१ मध्ये रोमने तो बरखास्त केला आणि त्यांना काही काळ कैदेतही टाकलं. फ्रान्समध्ये व्हिन्सेंट द पॉल आणि लुईज द मारियाक जास्त हुशार निघाले. १६३३ मध्ये त्यांनी गरिबांची शुश्रूषा करणाऱ्या मुली गोळा केल्या आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली की या संन्यासिनी नव्हेतच. शेतकऱ्यांच्या पोरी आहेत, दर वर्षी नव्याने शपथ घेतात, मठ नाही, भाड्याची खोली आहे. संन्यासिनी नाहीत म्हटल्यावर भिंतीचा नियम लागू कसा करणार? पुढच्या दोनशे वर्षांत असे शेकडो संघ युरोपभर निघाले. चर्चने त्यांना रीतसर धार्मिक संघ म्हणून मान्यता दिली ती थेट १९०० मध्ये, पोप तेरावे लिओ यांच्या काळात. आज आपण ज्यांना ‘सिस्टर’ म्हणतो त्या या दुसऱ्या प्रकारच्या. भिंतीआडच्या ‘नन’ वेगळ्या. मराठीत आपण दोघींना एकाच नावाने हाक मारतो, आणि सरकारी दवाखान्यातल्या नर्सलाही ‘सिस्टर’च म्हणतो. तो शब्दही शुश्रूषेच्या याच परंपरेतून इंग्रजी दवाखान्यांत आणि तिथून आपल्या तोंडी आला.

भारतात या बायका आल्या त्या प्रामुख्याने शाळा काढायला. जीझस अँड मेरी संघाच्या सिस्टर १८४२ मध्ये लिऑंहून आग्र्याला पोचल्या, पुढे मुंबई-पुण्यात आल्या. बेल्जियममधल्या लिएजच्या डॉटर्स ऑफ द क्रॉस १८६२ मध्ये कराचीला उतरल्या, तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. त्यांचं काम पुढे वांद्र्यात आणि पाचगणीत वाढलं. ‘कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली’ हा शब्दप्रयोग लग्नाच्या जाहिरातीत शिरला तो या शाळांमुळे. आपल्या समाजातल्या पैसेवाल्या घरांनी मुलींना तिथे घातलं, कारण शिकवणाऱ्या बायका, डोकं झाकलेल्या, पुरुषांचा वावर नाही. अब्बांना धास्ती नव्हती. गरीब मुसलमान मुलगी मात्र त्या फाटकातून आत गेली असं फारसं घडलं नाही. सिस्टर दारिद्र्याचं व्रत घेतात आणि श्रीमंतांच्या मुलींना शिकवतात, ही टीका पुढे खुद्द त्यांच्यातल्याच अनेकींनी केली आणि झोपडपट्ट्यांत, आदिवासी पाड्यांत कामाला गेल्या. ‘होप’सारखी कामं त्याच वळणावरची.

इथे एक प्रश्न वाचक विचारतीलच : लग्न न करता राहणं इस्लामला मान्य आहे का? नाही. निकाह ही सुन्नत आहे आणि इस्लाममध्ये संन्यास नाही, हे आपण मदरशातल्या पहिल्या धड्यापासून ऐकतो. पण कुरआन या लोकांबद्दल काय म्हणतो तेही बघावं. सूरह हदीदमध्ये म्हटलंय की संन्यास त्यांनी स्वतः काढला, आम्ही तो त्यांच्यावर फर्ज केला नव्हता, मात्र त्यांनी तो अल्लाहच्या रजामंदीसाठी काढला, आणि नंतर तो जसा पाळायला हवा होता तसा पाळला नाही. सूरह माइदामध्ये त्यांच्यातल्या पाद्री आणि संन्याशांचा उल्लेख येतो तो ते गर्विष्ठ नाहीत म्हणून, आणि मोमिनांशी आपुलकीने सर्वांत जवळचे असणाऱ्यांच्या संदर्भात. हजरत अबू बक्र यांनी फौजेला दिलेल्या सूचनांत मठात इबादतीला बसलेल्यांना हात लावू नका हे होतं, असं परंपरा सांगते. मत वेगळं ठेवून अदब ठेवता येते, याची ही आपल्या घरातली उदाहरणं आहेत.

आता रावळपिंडीला जाऊ. भिंतीच्या या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग तिथे घडला, आणि तो मुसलमान बायकांमुळे घडला.

सिस्टर आजाऱ्याची सेवा करू शकत होत्या, पण डॉक्टर होऊ शकत नव्हत्या. शस्त्रक्रिया आणि विशेषतः बाळंतपण या गोष्टी व्रत घेतलेल्या बाईला अशोभनीय मानल्या जात. चर्चची तशी मनाईच होती. ॲग्नेस मॅक्लरेन नावाच्या स्कॉटिश डॉक्टर (जन्म १८३७) एडिंबराच्या एका खासदाराची मुलगी. बायकांना स्कॉटलंडमध्ये डॉक्टरकी शिकू देत नसत म्हणून फ्रान्समधल्या माँपेलिएला जाऊन १८७८ मध्ये पदवी घेतली. साठी ओलांडल्यावर त्या कॅथलिक झाल्या. पंजाबातल्या मिशनमधून त्यांना कळलं की पडद्यातल्या मुसलमान बायका पुरुष डॉक्टरला नाडीही दाखवत नाहीत. मरतात, पण दाखवत नाहीत. या बाईने पैसे जमवून रावळपिंडीला बायका-मुलांसाठी सेंट कॅथरीन दवाखाना उभा केला आणि सत्तरी उलटल्यावर स्वतः जाऊन बघून आल्या. दवाखाना झाला, डॉक्टर बाई मिळेना. मॅक्लरेन यांनी रोमकडे पुन्हा पुन्हा अर्ज केले की सिस्टरना डॉक्टर होऊ द्या. अर्ज मान्य झाला नाही. १९१३ मध्ये त्या वारल्या.

मरण्यापूर्वी त्यांना ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या एका तरुण मुलीचं पत्र आलं होतं. अ‍ॅना डेंगल तिचं नाव. दोघींची भेट कधीच झाली नाही, पण मॅक्लरेन यांच्या सल्ल्याने ती आयर्लंडला कॉर्कमध्ये डॉक्टरकी शिकली, १९१९ मध्ये पास झाली आणि १९२० मध्ये रावळपिंडीला पोचली. चार वर्षं ती एकटी त्या दवाखान्यात राबली. तिथे तिने जे पाहिलं ते भोर-वेल्ह्याच्या डोंगरात किंवा मराठवाड्याच्या वाडीत पाहिलं असतं तरी वेगळं नसतं. अडलेलं बाळंतपण, सुईणीचे प्रयोग, ताप, मेलेली बाई, रडणारं मूल. उपाय होता, पण दाराच्या आत जाऊ शकेल असा हात नव्हता. १९२५ मध्ये अमेरिकेत, वॉशिंग्टनला, डेंगल यांनी आणखी तिघींना घेऊन मेडिकल मिशन सिस्टर्सचा संघ काढला. चौघींपैकी दोन डॉक्टर, दोन नर्स. चर्चचा नियम अजून तसाच असल्याने त्यांना रीतसर जाहीर व्रतं घेता येईनात. व्हिन्सेंट द पॉल यांचीच युक्ती पुन्हा : आम्ही अजून पुरत्या संन्यासिनी नाही, म्हणून आम्हाला नियम लागू नाही. रावळपिंडीत त्यांचं होली फॅमिली हॉस्पिटल उभं राहिलं. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने सूचनापत्र काढलं : सिस्टरनी डॉक्टरकी शिकावी, बाळंतपणंही करावीत.

याआधी एक अपवाद झाला होता. ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर मेरी ग्लोरी १९२० मध्ये आंध्रातल्या गुंटूरला सिस्टर म्हणून आल्या आणि पोपच्या खास परवानगीने डॉक्टरकी करत राहिल्या. पण तो एकीसाठी. १९३६ मध्ये दार सगळ्यांसाठी उघडलं, आणि ते उघडायला लावलं रावळपिंडीच्या पडदानशीन बायकांनी. त्यांनी अर्ज लिहिला नाही, मोर्चा काढला नाही. त्यांना कुणी विचारलंही नाही. त्या फक्त मरत राहिल्या, आणि ते पाहणाऱ्या एका बाईला ते सहन झालं नाही. यात आपल्या समाजाने मिरवण्यासारखं काही नाही. पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा बाई गेलेली बरी असं मानणारे घरचे लोक त्या प्रत्येक मरणात भागीदार होते. आणि ही मुसलमानांचीच गोष्ट होती असंही नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या सभेत उभं राहून हेच सांगत होत्या की हिंदू बायकांना बाई डॉक्टर हवी. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या.

आपल्या मुंबईत या बदलाची फळं दिसतात. अंधेरीला महाकाली गुंफांच्या रस्त्यावर होली स्पिरिट हॉस्पिटल १९६७ पासून आहे, होली स्पिरिट संघाच्या सिस्टरनी काढलेलं. जोगेश्वरी-अंधेरीच्या किती मुसलमान घरांत पहिलं बाळ ‘होली स्पिरिटला झालं’ असं सांगतात! त्याच अंधेरीत १९४२ मध्ये जर्मनीहून आलेल्या मदर अ‍ॅना हुबेर्टा यांनी हेल्पर्स ऑफ मेरी हा पूर्णपणे इथलाच संघ सुरू केला. साडी नेसणाऱ्या, अनाथ मुलं सांभाळणाऱ्या, पुढे वर्सोव्याला कुष्ठरोग्यांसाठी केंद्र चालवणाऱ्या सिस्टर. त्यांच्याबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं.

परत पुण्याकडे येऊ. ‘माहेर’ निघालं तो काळ आठवला पाहिजे. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा यांच्या मृत्यूने शहर हादरलं. नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेलं. सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये नवऱ्याला निर्दोष सोडलं. १९८३ मध्ये ४९८-अ कलम आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं. स्टोव्हचा भडका उडून सुना मरण्याच्या बातम्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येत. आपल्याकडे त्याच वेळी शाहबानोचा निकाल (१९८५) आणि त्यावरचं रणकंदन चाललेलं. मुस्लिम सत्यशोधक मंडळाने १९८५ मध्ये तलाक मुक्ती मोर्चा काढला, ठिकठिकाणी दगड खाल्ले. कायदा, शरियत, मतं यांवर महिनोन्‌महिने बोललं गेलं. तलाक मिळालेली बाई त्या रात्री झोपणार कुठे, यावर फार कुणी बोललं नाही. मायक्यात भाऊ-भावजय ठेवून घेतील, असं गृहीत होतं.

ज्या बाईला खरं माहेर उरलेलं नाही तिच्यासाठी वढूचं ‘माहेर’. १९९१ ते १९९७ ही सहा वर्षं सिस्टर लूसींना पैसे आणि परवानग्या मिळवण्यात गेली. आज महाराष्ट्रात पुणे जिल्ह्याखेरीज रत्नागिरीत आणि केरळ-झारखंडमध्येही ‘माहेर’ची घरं आहेत. बायका, त्यांची मुलं, रस्त्यावर सापडलेली मुलं, मनोरुग्ण बायका, म्हातारी माणसं. जात विचारत नाहीत. दिवाळी, ईद, नाताळ तिन्ही होतात. काम करणाऱ्यांत अनेक जणी अशा की ज्या पूर्वी आसरा मागायला आल्या होत्या. सिस्टर लूसींना राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कारही मिळाला आहे.

तरी संशय सुटत नाही. सिस्टर आहे म्हणजे बाटवत असणार, हा प्रश्न वढूतही विचारला गेला. पुण्याला हा प्रश्न जुना आहे. १८९० मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईचं शारदा सदन पुण्यात आणलं. विधवा मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये गदारोळ झाला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. पुढे दुष्काळात मुलींचे लोंढे आले तेव्हा रमाबाईंनी केडगावला मुक्ती सदन वाढवलं. त्या प्रॉटेस्टंट. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टरांकडे त्या राहिल्या होत्या, तिथेच १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आज्ञापालन त्यांना पटलं नाही. आपली बुद्धी दुसऱ्याच्या हवाली करायला त्यांनी साफ नकार दिला, आणि त्यावरून त्यांचा सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. ‘उद्या ये’ म्हणायला लावणाऱ्या व्रताबद्दल रमाबाईंनी शंभर वर्षं आधी शंका घेतली होती म्हणायची.

शारदा सदनाबाबतची तक्रार अगदीच निराधार होती असं मी म्हणणार नाही. काही मुली ख्रिस्ती झाल्या होत्याच. मात्र टीका करणाऱ्यांत त्या मुलींना घरात घ्यायला कितीजण पुढे आले? कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, हे त्या वादाचं त्यातल्या त्यात चांगलं उत्तर. बाकीच्यांनी अग्रलेखच लिहिले.

गेल्या वर्षी-दोन वर्षांतलं सांगायचं तर, २५ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडमध्ये दुर्ग रेल्वे स्टेशनवर केरळच्या दोन सिस्टरना धर्मांतर आणि मानवी तस्करीच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांच्यासोबत नोकरीसाठी निघालेल्या आदिवासी मुली होत्या. २ ऑगस्टला बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने जामीन दिला. ते आठ-नऊ दिवस मी आमच्या ओळखीच्या मंडळींचे व्हॉट्सॲप ग्रुप बघत होतो. बहुतेक ठिकाणी शांतता. एकाने लिहिलं, आता त्यांना कळेल. मला ते वाचून लाज वाटली. ज्यांच्या दवाखान्यात आपल्या आया बाळंत झाल्या त्यांच्याबद्दलची ही भाषा? आपल्यावर रोज जो संशय घेतला जातो त्याचं दुःख आपल्याला कळतं, तर दुसऱ्यावरचा संशय गोड का लागावा?

आणि स्वतःच्या घराकडेही पाहायला हवं. शाहबानोनंतर १९८६ मध्ये जो कायदा आला, ज्यासाठी आपल्या पुढाऱ्यांनी आकाशपाताळ एक केलं, त्याच्या चौथ्या कलमात लिहिलंय की तलाक मिळालेल्या निराधार बाईला नातेवाईक पोसू शकत नसतील तर मॅजिस्ट्रेट राज्याच्या वक्फ बोर्डाला तिचा खर्च द्यायला सांगू शकतो. म्हणजे जबाबदारी कायद्याने आपल्या संस्थेवर आहे, आणि ती आपणच मागून घेतली. वक्फच्या जमिनी कोणी बळकावल्या यावर आपल्याकडे सभा होतात, आणि व्हायलाच हव्यात. त्या जमिनींपैकी एका तुकड्यावर, तालुक्याच्या गावी, रात्री मुलांना घेऊन आलेल्या बाईला चार दिवस राहता येईल अशा दोन खोल्या आणि एक जेवण रांधणारी खाला, एवढं कुणी मागितल्याचं मी एकाही सभेत ऐकलं नाही. यतीमखाने आहेत, मदरसे आहेत, मुसाफिरखाने आहेत. मुसाफिरखान्यात एकट्या बाईला खोली मागून पाहा.

जकातीच्या आठ हकदारांत मिसकीन आहे, मुसाफिर आहे. घरातून हाकललेली बाई या दोन्हींत बसते, त्यासाठी नवा फतवा लागत नाही. ‘माहेर’च्या घरांमध्ये मुसलमान बायका आणि मुलंही राहतात. आपल्यापैकी ज्यांचं पुण्याला जाणं-येणं असेल त्यांनी समाधीचं दर्शन घेऊन झाल्यावर त्या घरातही एकदा जाऊन यावं, रमजानच्या आधी गेलात तर जास्त बरं. धान्य, शालेय वह्या, औषधांचे पैसे, काहीही चालतं.